पहिले गिऱ्हाईक : वंचित समाजातील उद्योजक आणि राज्यांची धोरणे



आग्रा म्हटले की सर्वांना ताजमहाल आठवतो. त्या शहरातील हजारो कुटुंबे मात्र पिढ्यान्पिढ्या पादत्राणांच्या धंद्यावर जगत आली आहेत. या धंद्यातील कारागीर मुख्यतः जाटव समाजाचे, म्हणजे एके काळी अस्पृश्य गणल्या गेलेल्या समाजाचे. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ ओवेन लिंच यांनी या समाजाचा अभ्यास करून १९६९ मध्ये जे पुस्तक प्रसिद्ध केले, ते अस्पृश्यतेच्या राजकारणावरील ग्रंथ म्हणून ओळखले जाते. परंतु बाजारपेठेचा विचार करणाऱ्यानेही ते वाचावे, इतकी त्यात धंद्याची माहिती आहे.

आग्र्याचे जाटव केवळ मजूर नव्हते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. त्यांच्यापैकी कित्येकांचे स्वतःचे कारखाने होते. कारखाना म्हणजे घरातली एक खोली, चार-सहा माणसे, आऱ्या, रापी, लाकडी साचे. जोड्याची घडण, कातड्याची पारख, शिलाईचा दर्जा यांत त्यांना कोणी शिकवावे अशी स्थिती नव्हती. उद्योजकाच्या अंगी जे गुण असावेत असे पाठ्यपुस्तके सांगतात, म्हणजे जोखीम पत्करणे, माणसे बाळगणे, वेळेवर माल देणे, ते त्यांच्यापाशी होतेच. नव्हते ते गिऱ्हाईक. तयार माल डोक्यावर वा सायकलीवर घालून ‘हिंग की मंडी’ या बाजारात न्यावयाचा (या बाजाराच्या नावातच काय तो हिंग उरला आहे, तेथे विकले जातात ते जोडे) आणि तेथील व्यापारी जो भाव देईल तो घ्यावयाचा. हे व्यापारी फाळणीपूर्वी बहुतांशी मुसलमान होते. १९४७ नंतर त्यांच्या जागी पंजाबातून आलेले निर्वासित व्यापारी आले. गादीवरचा माणूस बदलला, गादीखाली उभा राहणारा बदलला नाही.

शिवाय भावाची रक्कम रोख मिळत नसे. व्यापारी एक चिठ्ठी देई. तिला तेथे ‘पर्ची’ म्हणतात. ती चिठ्ठी काही आठवड्यांनी, कित्येकदा तीन महिन्यांनी वटावयाची. इकडे कारखानदाराला उद्याच्या मालासाठी आजच कातडे हवे आणि कामगारांची मजुरी आठवड्याच्या आठवड्याला चुकती करावयाची. तीन महिने थांबणार कोण? म्हणून तो तीच चिठ्ठी बाजारातल्या दुसऱ्या एखाद्या सावकाराकडे नेई आणि वटाव कापून घेऊन हाती येतील तेवढे पैसे घेऊन परते. मालाच्या विक्रीत नफा व्यापाऱ्याचा, चिठ्ठीच्या वटावात नफा सावकाराचा. कारखान्याच्या मालकाला उरे ती मजुरी, फार तर मजुरीपेक्षा किंचित अधिक.

वंचित समाजांतून उद्योजक निर्माण व्हावेत यासाठी भारतातील निरनिराळ्या राज्यांनी गेल्या पन्नास-साठ वर्षांत जी धोरणे आखली, त्यांचा विचार करावयाचा तर आग्र्याची ही पर्ची डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे होईल. धोरण आखणाऱ्याने रोगाचे निदान काय केले, हे तिच्याशी ताडून पाहता येते. माणसात प्रेरणा नाही, असे एकाने म्हटले. भांडवल नाही, असे दुसऱ्याने. गिऱ्हाईक नाही, असे म्हणणारा तिसरा फार उशिरा आला.

रोग किती मोठा आहे हे आकड्यांवरून दिसते. २०१३ मध्ये झालेल्या सहाव्या आर्थिक गणनेनुसार खासगी मालकीच्या आस्थापनांपैकी ११.४ टक्के अनुसूचित जातींच्या आणि ५.४ टक्के अनुसूचित जमातींच्या मालकीच्या होत्या. २०११ च्या जनगणनेत या समाजांचे लोकसंख्येतील प्रमाण अनुक्रमे १६.६ आणि ८.६ टक्के होते. स्त्रियांची स्थिती याहून वाईट. एकूण आस्थापनांपैकी त्यांच्या मालकीच्या १४ टक्क्यांनाही थोड्या कमीच, आणि त्यांपैकी ८३ टक्क्यांमध्ये पगारी माणूस एकही नाही. मालकीणच मजूर, मालकीणच कारकून. अशा आस्थापनेला उद्योग म्हणावे की पोट भरण्याचा उपाय म्हणावे, हा प्रश्न गणनेच्या तक्त्यात विचारलेला नसतो; धोरणात मात्र तो विचारावाच लागतो.

प्रेरणेचे निदान प्रथम आले ते परदेशातून. हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६४ मध्ये आंध्र प्रदेशातील काकिनाडा या बंदरगावी तेथील व्यावसायिकांसाठी प्रशिक्षणवर्ग चालविले. हैदराबादची लघुउद्योग विस्तार प्रशिक्षण संस्था त्यांच्या साहाय्याला होती. आर्थिक प्रगतीचे मूळ माणसाच्या मनातील कर्तृत्वाच्या प्रेरणेत असते आणि ही प्रेरणा प्रौढ वयातही शिकविता येते, असे त्यांचे म्हणणे. वर्गात चित्रे पाहून गोष्टी रचावयाच्या, दोरीची कडी खुंटीवर फेकण्याचा खेळ खेळावयाचा. कडी किती अंतरावरून फेकावी हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. खुंटीपाशी उभे राहून फेकणारा जोखीम टाळणारा, फार दूरून फेकणारा दैवावर हवाला ठेवणारा. बेताचे अंतर निवडणारा तो खरा उद्योजक. वर्गाला बसलेल्यांनी पुढील काळात इतरांपेक्षा अधिक धडपड केली, असा मॅक्लेलंड आणि त्यांचे सहकारी डेव्हिड विंटर यांचा निष्कर्ष होता. तथापि काकिनाड्याच्या वर्गांना आलेली माणसे आधीच दुकाने आणि कारखाने चालविणारी होती, हे विसरता कामा नये. आग्र्याच्या कारखानदाराला कडी फेकावयास लावले असते, तर त्यानेही बहुधा बेताचेच अंतर निवडले असते.

या विचाराला देशी रूप दिले ते गुजरातने. गुजरात म्हणजे व्यापाराची भूमी, तेथे उद्योजक घडविण्याची काय गरज, असे कोणालाही वाटेल. परंतु तेथेही उद्योग होते ते काही थोड्या परंपरागत व्यापारी समाजांच्या हाती. तांत्रिक शिक्षण घेतलेला, दुसऱ्याच्या कारखान्यात नोकरी करणारा, घरात धंद्याची परंपरा नसलेला तरुण कर्ज मागावयास गेला की तारण कोठे आहे, असा प्रश्न होई. गुजरात औद्योगिक गुंतवणूक महामंडळाने १९६९ च्या सुमारास तंत्रज्ञांसाठी अशी योजना काढली की तारण नसले तरी चालेल, पदरची रक्कम नसली तरी चालेल, प्रकल्प पटला तर पूर्ण भांडवल कर्जाऊ मिळेल. हे त्या काळी धाडसाचे होते. त्याला जोडून १९७० पासून अहमदाबादेत उद्योजकता विकासाचे वर्ग सुरू झाले. या उपक्रमाचे प्रवर्तक डॉ. व्ही. जी. पटेल होते. वर्गात प्रेरणेचे खेळ होतेच. पण त्यांच्यासोबत बाजारपेठेची पाहणी कशी करावी, प्रकल्पाचा अहवाल कसा लिहावा, परवाने कोठे मिळतात, हिशेब कसा ठेवावा, हेही शिकविले जाई. वर्ग संपल्यावर त्याच माणसाच्या हाती कर्जाचा धनादेश आणि औद्योगिक वसाहतीतील गाळा पडावा अशी व्यवस्था होती. गुजरातच्या यशाचे मर्म बहुतेकांनी वर्गात शोधले. ते पुष्कळसे धनादेशात आणि गाळ्यात होते. इतर राज्यांनी पुढे अनुकरण केले ते वर्गाचे, कारण वर्ग भरविणे सोपे असते. १९७९ मध्ये अहमदाबादेस उद्योजकता विकास केंद्र निघाले, १९८३ मध्ये अखिल भारतीय स्वरूपाची संस्था उभी राहिली, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्रानेही औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, असे केंद्र काढले. प्रमाणपत्रे मिळालेल्यांची संख्या वाढत गेली. त्यांच्यापैकी किती जणांच्या नावाची पाटी कारखान्यावर लागली, हा वेगळा हिशेब.

दुसरे निदान भांडवलाचे. १९७८ च्या सुमारास बहुतेक राज्यांत अनुसूचित जातींसाठी विकास महामंडळे स्थापन झाली. महाराष्ट्रातील महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ त्याच वर्षीचे. बँकेने कर्ज द्यावे, त्यात थोडी रक्कम महामंडळाने बीजभांडवल म्हणून घालावी, थोडे अनुदान मिळावे, अशी त्यांची सर्वसाधारण रीत. उद्देश चांगला होता. परंतु मंजूर होणाऱ्या प्रकरणांची यादी पाहिली की धोरणकर्त्याच्या मनातील चित्र उघड होते : म्हैस, शेळ्या, शिलाई यंत्र, सायकल दुरुस्तीचे दुकान, रिक्षा. वंचित समाजातील माणूस स्वयंरोजगार करील, त्याने कारखाना काढावा ही अपेक्षाच कोणी धरली नव्हती. दहा हजारांच्या कर्जाने दहा हजारांचाच धंदा होतो. तो बुडाला तर माणूस आळशी ठरतो.

याच काळात अहमदाबादेत एक निराळा प्रयोग झाला. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या ‘सेवा’ या संघटनेतील भाजीविक्रेत्या, हातगाडीवाल्या, गोधड्या शिवणाऱ्या बायकांना बँका दारात उभ्या करीत नसत. १९७४ मध्ये चार हजार स्त्रियांनी प्रत्येकी दहा रुपयांचा भाग घेऊन स्वतःचीच सहकारी बँक काढली. ज्यांना सही करता येत नाही त्या बँक कशी चालविणार, अशी निबंधकाची शंका होती. प्रवर्तक स्त्रियांनी रात्रभर बसून आपापले नाव लिहावयाचा सराव केला आणि दुसऱ्या दिवशी सह्या करून दाखविल्या. खातेदार ओळखण्यासाठी पुस्तिकेवर छायाचित्र लावण्याची रीत पडली, तीही सहीच्या या अडचणीतून. येथे शासनाने काही दिले नाही. मार्ग अडविणारी एक अट दूर झाली, एवढेच. धोरणाचा हाही एक प्रकार आहे आणि त्याला पैसा लागत नाही. महाराष्ट्रात त्याआधी, १९५९ मध्ये, गिरगावातील सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटावयास घेतले, त्यांतून पुढे लिज्जतचा विस्तार झाला. त्यांच्यामागे तर कोणतेच धोरण नव्हते. अशा उदाहरणांवरून धोरणाची गरजच नाही असा निष्कर्ष काढणारे लोक असतात. त्यांनी उसने मिळाले नाहीत अशा इतर बायकांची संख्या मोजलेली नसते.

भांडवलाच्या धोरणाचा अलीकडचा टप्पा पुष्कळ मोठ्या रकमांचा आहे. एप्रिल २०१६ मध्ये केंद्र सरकारने ‘स्टँड अप इंडिया’ योजना जाहीर केली. प्रत्येक बँकशाखेने किमान एका अनुसूचित जाती वा जमातीच्या व्यक्तीला आणि किमान एका स्त्रीला दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत कर्ज द्यावे, असा तीत नियम होता. ती योजना २०२५ पर्यंत चालली. कर्जदाराने स्वतः घालावयाची रक्कम प्रथम २५ टक्के होती. ती २०२१ मध्ये १५ टक्क्यांवर आणावी लागली. ज्याच्या घरात पिढीजात मालमत्ता नाही, त्याला पंचवीस टक्के कोठून आणावयाचे हे कळावयास पाच वर्षे गेली.

तेलंगणा राज्याने याच्या पुढे उडी घेतली. ऑगस्ट २०२१ मध्ये हुजूराबाद मतदारसंघात ‘दलित बंधू’ योजनेचा प्रारंभ झाला. प्रत्येक दलित कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावयाचे आणि त्यांतून त्याने मनाजोगता धंदा काढावयाचा. रक्कम कर्जाऊ नव्हती, परत करावयाची नव्हती आणि बँकेचा संबंधही नव्हता. या रकमेतून दहा हजार रुपये बाजूला काढून आणि तेवढीच शासनाची भर घालून लाभार्थ्यांच्या अडचणीसाठी एक निधी उभारावयाचा, ही त्यातील सूज्ञ कल्पना. हुजूराबादेत त्याच सुमारास पोटनिवडणूक होती, हे टीकाकारांनी तेव्हाच सांगितले आणि ते खरेही होते. निवडणुकीच्या निमित्ताने का होईना, दलित कुटुंबाला बँकेच्या दारात न पाठविता भांडवल देणारे राज्य निघाले, याचे महत्त्व कमी होत नाही. परंतु पुष्कळ कुटुंबांनी त्या पैशांतून वाहने घेतली. मोटारी, मालवाहू गाड्या, ट्रॅक्टर. एका तालुक्यात एकाच वेळी इतक्या गाड्या भाड्याने फिरावयाच्या म्हटल्यावर भाडे कोण देणार? गिऱ्हाइकाचा प्रश्न येथेही मागे राहिला. २०२३ च्या अखेरीस राज्यात सत्तांतर झाले आणि योजनेचा ओघ थांबला. त्याच तेलंगणाने २०२१ मध्ये मद्यविक्रीच्या परवान्यांत गौड समाजाला १५ टक्के, अनुसूचित जातींना १० टक्के आणि जमातींना ५ टक्के वाटा राखून ठेवला होता. नीतीच्या दृष्टीने या धंद्याविषयी कोणाचे काहीही मत असो, अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही कल्पना अधिक पक्की होती. कारण परवान्याबरोबर गिऱ्हाईक हमखास मिळते.

यावरून गोष्ट तिसऱ्या निदानाकडे वळते. शासन हे स्वतःच फार मोठे गिऱ्हाईक आहे. त्याला बाके लागतात, गणवेश लागतात, खडी लागते, औषधे लागतात. ही खरेदी कोणाकडून होते?

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांची ओळख समाजसुधारक म्हणून सर्वांना आहे. ते ठेकेदारही होते, हे तितकेसे सांगितले जात नाही. त्यांच्या पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीने खडकवासला धरण, कात्रजचा बोगदा अशा सरकारी कामांत ठेके घेतले. शाळा आणि चळवळ यांना लागणारा पैसा काही अंशी या धंद्यातून आला. सरकारी बांधकाम खात्यात कामे कशी मिळतात आणि पैसा कोठे झिरपतो, याची त्यांना आतून माहिती होती आणि त्यांच्या लिखाणात ती तिखटपणे उतरली. शूद्रातिशूद्रांना धंद्यात येण्याची वाट सरकारी कामातून जाते आणि त्याच वाटेवर खात्यातील माणसे अडवावयास बसलेली असतात, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकोणिसाव्या शतकातच अनुभवल्या होत्या.

स्वतंत्र भारतात हा विचार धोरण म्हणून पुढे आला तो मध्य प्रदेशात. १२ आणि १३ जानेवारी २००२ रोजी भोपाळ येथे दलित आणि आदिवासी विचारवंतांची परिषद भरली. चंद्रभान प्रसाद हे तिच्या प्रमुख सूत्रधारांपैकी एक. मुख्यमंत्री दिग्विजय सिंह यजमान. परिषदेने एकवीस कलमांचा जाहीरनामा संमत केला. त्यात जमीन होती, शिक्षण होते, आणि भारतात तोवर न ऐकलेली एक मागणी होती : शासनाने आणि खासगी उद्योगांनी आपल्या खरेदीत दलित-आदिवासी पुरवठादारांना वाटा द्यावा. राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी त्याच महिन्यात, प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येच्या भाषणात, या जाहीरनाम्याचा उल्लेख केला. मध्य प्रदेश सरकारने आपल्या खरेदीपैकी ३० टक्के खरेदी या समाजांतील पुरवठादारांकडून करण्याचे ठरविले.

कल्पना अमेरिकेतील अनुभवावरून घेतलेली होती, आणि त्या अनुभवाचा एक भाग भोपाळात फारसा बोलला गेला नाही. व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहराने १९८३ मध्ये असा नियम केला होता की नगरपालिकेचा बांधकामाचा ठेका घेणाऱ्याने त्यातील किमान ३० टक्के रकमेचे काम अल्पसंख्य समाजांच्या मालकीच्या संस्थांना पोटठेक्याने द्यावे. शहराची निम्मी वस्ती कृष्णवर्णीय. आणि आधीच्या पाच वर्षांत मुख्य ठेक्यांपैकी अल्पसंख्य समाजांच्या वाट्याला गेले होते ०.६७ टक्का. अन्याय याहून स्पष्ट काय असावा? तरीही जानेवारी १९८९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा की रिचमंडच्या बांधकाम धंद्यात नेमका कोणी, कसा भेदभाव केला याचा पुरावा नगरपालिकेने गोळा केला नाही. तीस हा आकडा कोठून आला हेही सांगितले नाही. आणि लाभार्थ्यांच्या यादीत एस्किमोंचाही समावेश केला, जे त्या शहरात कधी राहिले असतील याचीच शंका. भारताची राज्यघटना वेगळी आहे. दुर्बल घटकांच्या आर्थिक हिताची विशेष काळजी घेण्याचा निर्देश तिच्या ४६ व्या अनुच्छेदात राज्यांना दिलेला आहे, त्यामुळे तो निकाल येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. परंतु आकडा कोठून आला, हा प्रश्न कोणत्याही देशात विचारण्याजोगा आहे.

मध्य प्रदेशात तो विचारण्याइतका काळच गेला नाही. डिसेंबर २००३ मध्ये सरकार बदलले आणि धोरणामागचा जोर ओसरला. बीज मात्र उरले. २००५ मध्ये पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांची वाणिज्य व उद्योग संस्था, म्हणजे ‘डिक्की’, स्थापन केली, आणि सरकारी खरेदीत वाट्याची मागणी ती सतत करीत राहिली. मार्च २०१२ मध्ये केंद्र सरकारने सूक्ष्म व लघुउद्योगांसाठी खरेदीचा आदेश काढला. केंद्राची खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी २० टक्के खरेदी अशा उद्योगांकडून करावी, आणि त्यांतील ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून. २०१५ पासून हे बंधनकारक झाले. पुढे २० चे २५ टक्के झाले आणि स्त्रियांसाठी ३ टक्के ठेवण्यात आले. निविदेचे अर्ज विनामूल्य, बयाणा रक्कम माफ, सर्वांत कमी दराच्या पंधरा टक्क्यांच्या आत दर असेल तर तो दर खाली आणून काम घेण्याची मुभा, अशा सवलती आदेशात आहेत. एकूण लघुउद्योगांचे उद्दिष्ट पुष्कळ खात्यांनी गाठले. ४ टक्क्यांचे मात्र वर्षानुवर्षे दूरच राहिले.

कारणे शोधावयास फार लांब जावे लागत नाही. निविदेत अट असते : गेल्या तीन वर्षांत इतक्या रकमेचे असेच काम केलेले असावे. ज्याला काम मिळालेच नाही त्याने अनुभव आणावयाचा कोठून? सार्वजनिक उपक्रमांची खरेदी म्हणजे तेल, यंत्रे, पोलाद. शेकडो कोटींच्या निविदा. नवा उद्योजक देऊ शकतो त्या वस्तूंच्या निविदा निघतात त्या अनेक वस्तूंची एकत्र मोट बांधून, आणि मोट उचलण्याची ताकद त्याच्यात नसते. आणि मग उरते ती नावाची विक्री. मालकीचा किमान ५१ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा असावा, असा नियम आहे. कागदावर ५१ टक्के एकाचे आणि तिजोरीच्या किल्ल्या दुसऱ्याच्या, हा प्रकार भारतीय माणसाला समजावून सांगावा लागत नाही. कूळकायद्याच्या काळापासून त्याला तो ठाऊक आहे.

या सर्व प्रयोगांत कर्नाटकचा प्रयोग सर्वांत लक्षपूर्वक अभ्यासण्याजोगा आहे. २०१७ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने त्या राज्याने सार्वजनिक खरेदीच्या आपल्या कायद्यातच तरतूद केली की ५० लाखांपर्यंतच्या बांधकामांपैकी १७.१५ टक्के कामे अनुसूचित जातींच्या आणि ६.९५ टक्के अनुसूचित जमातींच्या ठेकेदारांसाठी राखून ठेवावीत. हे अपूर्णांक हास्यास्पद वाटतील. पण आकडा कोठून आला याचे उत्तर त्यांतच आहे. राज्यातील त्या समाजांचे लोकसंख्येतील प्रमाण नेमके तेवढे आहे. दुसरी गोष्ट, मोठ्या ठेक्यात वाटा मागण्याऐवजी लहान कामे संपूर्ण राखून ठेवली : गावातला रस्ता, गटार, शाळेची खोली, लहानसा पूल. अनुभवाची अट येथे आड येत नाही, उलट अनुभव येथेच मिळतो. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा आदेश नव्हे, कायदा आहे. त्यानंतर कर्नाटकात निरनिराळ्या पक्षांची सरकारे आली आणि गेली. तरतूद टिकली, आणि २०२३ मध्ये मर्यादा एक कोटीपर्यंत वाढली. मध्य प्रदेशचे धोरण एका मुख्यमंत्र्याबरोबर आले आणि त्याच्याबरोबर मावळले, ही तुलना येथे बोलकी आहे. दोष कर्नाटकच्या योजनेतही आहे. जो ठेकेदार या छत्राखाली वाढला, त्याला मर्यादेपलीकडच्या कामासाठी पुन्हा उघड्यावर यावे लागते आणि तेथे बँकहमी, यंत्रसामग्री, ओळखी यांचा जुना खेळ सुरू होतो. पहिले गिऱ्हाईक मिळवून देणे राज्याला जमले. दुसरे अजून जमलेले नाही.

स्त्रियांच्या बाबतीत शासनाने गिऱ्हाईक होण्याचा सर्वांत मोठा प्रयोग केला तो केरळने. १७ मे १९९८ रोजी मलप्पुरम येथे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते ‘कुडुंबश्री’ योजनेचे उद्घाटन झाले. कुडुंबश्री म्हणजे कुटुंबाची श्री. तळाशी दहा-वीस शेजारणींचा गट, त्यावर प्रभागाचा संघ, त्यावर पंचायतीचा. आणि या तिन्ही पायऱ्या स्थानिक स्वराज्य संस्थेशी जोडलेल्या. सुमारे पंचेचाळीस लाख स्त्रिया आज तिच्यात आहेत. बचत आणि कर्ज ही सुरुवात होती. पण पंचायतीशी नाते असल्याने कामे मिळत गेली. अंगणवाडीतील लहान मुलांसाठीचे ‘अमृतम्’ नावाचे पौष्टिक पीठ कुडुंबश्रीच्या गिरण्या तयार करतात आणि शासन ते विकत घेते. कार्यालयांतील उपाहारगृहे, कचरा गोळा करण्याची कामे अशीच त्यांच्याकडे आली. बाजारात उतरून मोठ्या कंपनीशी झुंजण्यापूर्वी हिशेब, दर्जा आणि वेळ सांभाळण्याची सवय या स्त्रियांना लागली ती शासनाच्या मागणीवर.

या मागणीवर विसंबणे किती धोक्याचे असते, हेही केरळातच दिसले. २०२० मध्ये ‘जनकीय’ उपाहारगृहे निघाली. वीस रुपयांत जेवण. शासन प्रत्येक ताटामागे दहा रुपये देणार आणि तांदूळ स्वस्त मिळणार. महामारीच्या काळात या उपाहारगृहांनी लाखो लोकांना जेवू घातले. त्यांची संख्या हजारांवर गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये ताटामागचे अनुदान बंद झाले आणि जेवणाचा दर तीस रुपयांवर नेण्याची परवानगी मिळाली. त्याआधीच्या ताटांचे पैसेही कित्येकींना मिळावयाचे होते. भाजीवाल्याचे, वाण्याचे, गॅसवाल्याचे देणे डोक्यावर. कोणी दागिना गहाण टाकलेला, कोणी गटाकडून उचल घेतलेली. थकलेल्या बिलांसाठी या स्त्रियांना तिरुवनंतपुरमच्या सचिवालयासमोर बसावे लागले. ज्या शासनाने त्यांना उद्योजक केले, त्याच्याच दारात त्या वसुलीला आल्या होत्या.

येथे आग्र्याची पर्ची पुन्हा आठवते. शासनाचे न चुकविलेले देयक ही पर्चीच आहे. फरक इतकाच की हिंग की मंडीतील पर्चीवर निदान तारीख असे. २००६ च्या कायद्याने लघुउद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यावयाचे आहेत. न दिल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. पण ज्या खात्याकडून पुढचे काम हवे आहे, त्याच्यावर व्याजाचा दावा लावणारा ठेकेदार विरळा. २०१७ पासून ‘ट्रेड्स’ या नावाने ओळखली जाणारी देयके वटविण्याची व्यवस्था रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने सुरू झाली आहे. लघुउद्योजकाचे देयक खरेदीदाराने मान्य केले की अनेक बँका त्यावर बोली लावतात आणि सर्वांत कमी वटाव मागणारी बँक पैसे देते. हिंग की मंडीत वटाव ठरविणारा सावकार एकच असे; येथे दहा असतात आणि ते एकमेकांशी स्पर्धा करतात. नोव्हेंबर २०२४ च्या अधिसूचनेने अडीचशे कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना आणि केंद्राच्या सर्व सार्वजनिक उपक्रमांना या व्यवस्थेत नोंदणी करण्याची सक्ती झाली. राज्य सरकारांची खाती, जिल्हा परिषदा, नगरपालिका आणि ग्रामपंचायती त्या सक्तीत नाहीत. आणि कर्नाटकातील राखीव गटाराचे काम काय किंवा केरळातील वीस रुपयांचे ताट काय, त्यांची देयके निघतात ती याच कार्यालयांतून.